आधी हात, मग सुई

केसरबाईची शेळी शिंकली की आमच्या दवाखान्यात सगळे हसायचे. हसण्यासारखंच असायचं ते. दार उघडायच्या आधी ही बाई पायरीवर येऊन बसलेली असायची. शेळीचं तोंड मांडीवर घेतलेलं, पदरानं तिचं नाक पुसणं चाललेलं.

"सायेब, शिंकली. दोनदा शिंकली."

शेळीचे डोळे लख्ख, शेपटी हलतेय, मान वाकडी करून ती समोरच्या लिंबाचा पाला ओढायला बघतेय. मी ताप बघतो, कानात नळी घालून पोट ऐकतो आणि सांगतो, काही नाही, घेऊन जा.

"नीट बगा सायेब. मागून म्हनू नका, केसरबाई उशीर केला म्हनून."

"अवं मावशी," आमचे परिचर मागून म्हणतात, "शेळी शिंकायच्या आदीच घिऊन येत जा ना. म्हंजी लवकर व्हईल."

बाकीचे हसतात. मीही हसत आलो. पण ही बाई अशी का झाली, हे त्या दवाखान्यात फक्त मला ठाऊक होतं. तिला तसं मीच केलं होतं. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहा म्हणून निरोप आला तेव्हा पहिल्यांदा केसरबाईच आठवली. गंमत म्हणूनच लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. तेव्हा आता सगळंच लिहितो.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. गावात मला 'ढोराचा डॉक्टर' म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. डॉक्टर पदवीधर असतात आणि एकेकाकडे दोन-तीन दवाखाने असतात. त्यामुळे रोज हाताशी असतो तो मी. लसी टोचायच्या, जखमा धुवायच्या, गाभण आहे का ते तपासायचं, अडलेली गाय मोकळी करायची आणि उरलेल्या वेळात रजिस्टरं भरायची. अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी बीड तालुक्यात, चौसाळ्याच्या हायवेपासून आत गेलेल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही.

मी रुजू झालो तेव्हा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर बाभळीच्या लाकडाचा खोडा. खोडा म्हणजे जनावर हलू नये म्हणून त्याला उभं करायची चौकट. फिनेल, टिंचर आणि ओलं शेण यांचा मिळून एक वास तिथं असायचा. आता लोखंडी खोडा आलाय, फरशी आलीय, तो वास गेला. अजूनही कुठं टिंचरची बाटली उघडली की मला पंचविशीतला मी दिसतो: नवी सायकल, खांद्याला बर्फाचा थर्मास, थर्मासमध्ये लस, आणि शेजारून चालणारे नबीचाचा.

नबीचाचा आमच्याकडे मलमपट्टी करायचे. शिक्षण चौथी की पाचवी. पण मारक्या बैलाच्या अंगाला त्यांचा हात लागला की बैल कान पाडायचा. मी पहिल्या दिवशी सिरिंज भरून थेट एका गाईच्या मानेकडे गेलो. तिनं मला असं झिडकारलं की मी खोड्याबाहेर, सिरिंज शेणात. चाचांनी आधी सिरिंज उचलून धुतली, मग मला उचललं.

"पैले हात, फिर सुई," ते म्हणाले. "उसकू मालूम होना ना बाबा, कोन आया."

त्यांनी तळवा गाईच्या वशिंडामागं ठेवला आणि तसाच राहू दिला. भ्यालेल्या जनावराची कातडी माशी बसल्यासारखी थरथरते. ती थरथर थांबेपर्यंत थांबायचं. तोंडानं काहीतरी बोलत राहायचं. काय बोलता त्याला महत्त्व नाही, आवाज खालचा पाहिजे. चाचा "हौ माँ, हौ मेरी बच्ची" म्हणायचे. मी "हो गं बाय, झालं गं बाय" म्हणू लागलो. थरथर थांबली की सुई. शिकायला मला एक आठवडा लागला असेल, आणि पुढची सगळी नोकरी त्या एका गोष्टीवर निभावली.

माणसांना मात्र एवढ्यानं शांत करता येत नाही. एकदा लस टोचायला मेंढ्यांच्या कळपात गेलो, तर म्हातारा मेंढपाळ काठी आडवी धरून उभा.

"ह्यानं मेंढ्या गाभाडतेत म्हनं."

"नाही हो बाबा, कुणाचा गाभ पडत नाही."

"मग आदी तुमी टोचून घ्या. तुमी सांजपावतर नीट ऱ्हायला तर मेंढ्याला टोचू."

दीड तास समजूत घातली. शेवटी चाचांनी त्याच्याजवळ बसून तंबाखू मागितली, मेंढ्यांची नावं विचारली, आणि कळप टोचून झाला. परत येताना मी विचारलं, "चाचा, तुम्ही काय सांगितलं त्याला?" म्हणाले, "कुछ नई. हात रख्या."

आता त्या दिवसाकडे येतो. त्याआधी आमच्या धंद्यातली एक जादू सांगायला हवी.

भरपूर दूध देणारी म्हैस किंवा गाय व्याली की कधीकधी तिच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. ती बसते ती उठत नाही. कान गार, मान कुशीकडे वळलेली, डोळे कुठंतरी लागलेले. घरातल्या बाया रडायला लागतात. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम द्यायचं. बाटली संपता संपता जनावर थरथरतं, ढेकर देतं, शेण टाकतं आणि डोळ्यांदेखत उभं राहतं. मेलेलं उठल्यासारखं. आमच्या हातात यश असं फार थोड्या वेळा येतं, म्हणून त्याची चटक लागते.

पण ते औषध सावकाश द्यावं लागतं. पंधरा-वीस मिनिटं. बाटली जितकी उंच धराल तितकं जोरात जातं, आणि जोरात गेलं तर हृदय थांबतं. म्हणून एका हातात बाटली खाली धरायची, कानात नळी आणि नळीचं दुसरं टोक जनावराच्या छातीवर. ठोके चुकायला लागले की थांबायचं. पहिल्या वर्षी शिकवलं जातं हे. मला चांगलं येत होतं. नबीचाचा निवृत्त होऊन गेले तोवर आसपासच्या गावांत माझं नाव झालं होतं: बसलेली म्हैस उठवणारा साहेब.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या होत्या, निम्मं गाव ओस. केसरबाई आणि तिचा नवरा भानुदास दरवर्षी जायचे. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयताच म्हणतात. त्या वर्षी पहिल्यांदा केसरबाई घरी राहिली होती, कारण म्हैस. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन ती म्हैस आणलेली. दुधावर घर चालेल, बाईचा कोयता सुटेल असा बेत. भानुदास भावाबरोबर गेला, ही राहिली. म्हैस व्याली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बसली. केसरबाईनं गुळाचं पाणी पाजलं, वाट पाहिली, आणि दहाच्या सुमारास माझ्याकडे माणूस धाडला.

मी गेलो तेव्हा अंगणात जत्रा होती. गावात राहिलेली म्हातारी माणसं, पोरं, शेजारणी. मी कान चाचपले, गार. मान वळलेली. मनात म्हटलं, सोपं आहे. बाटली कोमट केली, शीर धरली, चालू केलं. पाच मिनिटं सगळं नीट.

मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मागल्या आठवड्यात पलीकडच्या वाडीत निम्म्या बाटलीत उठिवली म्हनं सायबानं."

"निम्म्या? मंग ही कावून उठंना?"

मी बाटली वर केली. कानातली नळी काढून गळ्यात टाकली, कारण ती कानात असली की लोक काय बोलतात ते ऐकू येत नाही, आणि मला ऐकायचं होतं. हे वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली.

म्हशीनं एकदा पाय ताणले. लोक म्हणाले, "उठली, उठली." मग तिनं मान टाकली. मी सुई काढली, छातीवर बुक्क्या मारल्या, पण आत काही नव्हतं. केसरबाई रेडकू धरून उभी होती. तिनं विचारलं, "काय झालं सायेब?"

तिला खरं सांगायला एक क्षण होता. त्या क्षणात मी म्हणालो, "उशीर केला तुम्ही, मावशी. बसली तेव्हाच बोलवायचं होतं."

तिनं मान डोलावली. पंधरा दिवसांत रेडकू बहिणीकडे सोडून ती नवऱ्यामागं उसाच्या फडात गेली. पुढची पाच वर्षं जात राहिली. मग गुडघे गेले, तेव्हा घरी राहिली आणि दोन शेळ्या पाळल्या. शेळी शिंकली की पहाटे येऊन पायरीवर बसायला लागली ती तेव्हापासून.

मी काय केलं? स्वतःला शिक्षा केली. निदान मला तसं वाटत होतं. कॅल्शियम स्वतः देणं सोडलं. डॉक्टरांना फोन करून बोलवायचो, मी नुसती बाटली धरायचो. कुणा शेतकऱ्याच्या घरी चहा घेणं सोडलं. आपली लायकी नाही म्हणून. केसरबाईच्या घरी शेळ्यांना टोचायला जायचो तेव्हा ती दर वेळी चूल पेटवायची आणि मी दर वेळी "नको, नको" म्हणत गाडीला किक मारायचो. आणि घरी, एकटा असलो की स्वतःशी बोलायचो. दाढी करताना, बूट घालताना. "काय केलंस बे? नालायक आहेस बे तू." अशी सवय झाली की गाडीची किल्ली विसरली तरी तेच. दूध उतू जाऊ दिलं तरी तेच.

माझी बायको सुमन अंबाजोगाईकडची. तिची जीभ सरळ. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या हातून आरसा पडून फुटला, आणि मी न्हाणीत स्वतःला नेहमीचा आहेर दिला. ती दाराशी टॉवेल घेऊन उभी होती.

"कोण आहे आत?" तिनं विचारलं.

"कोण असणार? मीच."

"मला वाटलं कुणाशी भांडण चाललंय. अवो, म्हशीला 'हो गं बाय' म्हणता, गाढवाला टोचायचं तरी 'राजा' म्हणता, आन् स्वतःला 'बे'? गाढवाच्याही खाली का तुम्ही?"

मी म्हटलं, "तुला काय माहीत मी काय केलंय ते."

"नका सांगू. पण खोड्यातल्या जनावराला असं कुणी शिव्या देताना दिसलं तर तुम्ही त्याला दवाखान्यातून हाकलून दिलं असतं. एवढंच म्हणते." आणि काचा गोळा करायला लागली.

मला राग आला. दिवसभर आला. चूक केलेल्या माणसानं स्वतःशी गोड बोलावं, म्हणजे चोरानं स्वतःलाच हार घालावा, असं वाटत होतं. पण संध्याकाळी एका बुजऱ्या कालवडीवर हात ठेवून उभा असताना लक्षात आलं की मी तिला हार घालत नाहीये. मी तिला सुईच टोचणार आहे. हात आधी ठेवतो तो सुई चुकवायला नाही. सुई नीट बसावी म्हणून. थरथरत्या कातडीत सुई मोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून मी स्वतःच्या मानेमागं हात ठेवून बघितला. फार बावळट वाटलं. "झालं रे, झालं" म्हणालो, आणि बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. सुमन ऐकत होती, पण काही बोलली नाही, हे तिचे उपकार. आठवडाभर नुसता बावळटपणाच चालला. 'बे' आपोआप यायचा. आला की थांबायचो, हात ठेवायचो, पुन्हा बोलायचो. किल्ली विसरली तर: "असू दे, मागं फीर, घेऊन ये." इतकंच. पन्नाशीतल्या माणसाला ही बाराखडी शिकायला लाज वाटते, पण शिकलो.

मग एक दिवस मी स्वतःला विचारलं, शेतकऱ्याला विचारतो तसं. जनावर घेऊन घाबरा माणूस आला की आम्ही त्याला रागवत नाही, रागवलं तर तो खोटं सांगतो. हळूच विचारतो: कधीपासून? आधी काय झालं? मग काय केलं? तसाच त्या दिवसाचा पाढा मी पहिल्यांदा ओळीनं म्हटला. गर्दी. बाटली वर. नळी गळ्यात. म्हैस मेली. आणि मग तिथं थांबायच्या ऐवजी पुढं गेलो: "उशीर केला तुम्ही, मावशी."

नऊ वर्षं शिव्यांच्या गोंगाटात या दोन्ही गोष्टी एकच झाल्या होत्या. पहिली हाताची चूक होती. गर्वानं झालेली, पण चूक, आणि ती परत फिरत नाही. दुसरी मात्र अजून चालूच होती. रोज पहाटे ती पायरीवर येऊन बसत होती. मी स्वतःला इतका बडवत होतो की शिक्षा भोगून झाली असं वाटायचं, आणि जिला सांगायला हवं तिला सांगायचं राहूनच जायचं. जो स्वतःला भितो तो दुसऱ्याच्या अंगणात जाऊन खरं कसं बोलणार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दुपारी तिच्या घरी गेलो. ती दारात तूर निवडत बसली होती. भानुदास बाजेवर पडलेला. मला पाहून ती धडपडून उठली.

"सायेब? शेळीला काय झालं का?"

"शेळी ठीक आहे. बसा मावशी. म्हशीचं सांगायचंय."

ती बसली. मी सगळं सांगितलं, बाटली, नळी, सगळं. शेवटी म्हणालो, "तुम्ही उशीर केला नव्हता. दुपारी बोलवलं असतं तरी ती उठली असती. मी घाई केली, आणि नाव तुमचं घेतलं."

सुपातली तूर तिनं एकदा या कडेला केली, एकदा त्या कडेला.

"म्हंजी म्या न्हाई मारली?"

"नाही."

"नऊ वरसं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "नऊ वरसं मी पहाटं उटून ढोरं चाचपते, फडात दुसऱ्याचे बैल, हितं शेळ्या. कान गार हायेत का बगते. पोरगी म्हनती, आई येडी झाली." मग एकदम बाजेकडे वळली. "ऐकलं का वं? जेवताना मीठ कमी पडलं तरी म्हशीचं काडायचे ना? म्हैस मारली हिनं म्हनून? आता बोला की!"

भानुदास उठून बसला. तोंडातला तंबाखू थुंकायलाही गेला नाही. "मला काय ठाव," म्हणाला, आणि मान खाली घातली.

"आन् तुमी," ती मला म्हणाली, "म्हनून माझ्या घरचा च्या पीत न्हवता व्हय? मला वाटलं, आमी ऊसतोडे. सायबाला आमच्या कपाची किळस येत आसंल."

हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी स्वतःला दिलेली शिक्षासुद्धा तीच भोगत होती.

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं तर चुकलं. उठा आता. जावा."

चहा तिनं विचारला नाही. विचारू नये हेच बरोबर होतं. गाडीपर्यंत जाताना 'बे' जिभेवर आला होता. मी किल्ली लावायच्या आधी मानेवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. तिच्या शेजारणीला वाटलं असेल, साहेबाची मान धरलीय.

त्यानंतर केसरबाई यायची बंद झाली. एक आठवडा, दोन, तीन. परिचर म्हणाले, "शेळ्या इकल्या का मावशीनं?" मी रोज गाडी लावताना पायरीकडे बघायचो. आधीचा मी असतो तर स्वतःला फाडून खाल्लं असतं. या वेळी एवढंच म्हणालो: सांगायचं होतं ते सांगितलं, आता ती तिच्या मनाची. त्या दिवसांत एक गाय बसलेली असल्याचा फोन आला. डॉक्टर दूर होते. फोनवर म्हणाले, तुम्हीच द्या. गेलो. तिच्या अंगावर हात ठेवला, मग दुसरा स्वतःच्या छातीवर, मग सुई. बाटली खाली, नळी कानात. लोक काय बोलत होते ते मला आजही माहीत नाही. पाव तासावर वेळ गेला तेव्हा ती उठली.

महिना होत आला असेल. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा पायरी रिकामी होती. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, पाच-सहा जनावरं तपासून झाली. मान वर केली तर रांगेत शेवटी केसरबाई, दोरीला शेळी. कुणाच्या पुढं घुसली नाही. शेजारच्या बाईशी तुरीच्या भावावर बोलत होती.

नंबर आला. शेळी खरंच मलूल होती, पोट जरा फुगलेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काल सांजंपास्नं खात न्हवती." तिनं दोरी माझ्या हातात दिली. "म्हनलं, सकाळी जाऊ. मंग झोपले."

परिचर हसायच्या बेतात होते, पण कशाला ते त्यांना सापडेना. मी शेळीच्या पाठीवर हात ठेवला. कातडी थरथरत होती. थांबेपर्यंत थांबलो.